खंडेनवमीला मिळालेली सुट्टी

मित्रांनो, माझं वय विचारू नका. स्टीलच्या टाकीचं वय तिच्या अंगावरच्या पोच्यांवरून ओळखावं, आणि माझ्या अंगावर पोचे बरेच आहेत. पण झाकण उघडून आत हात फिरवलात तर तो कुठेही अडकणार नाही. मी जुनी आहे, पण आतून गुळगुळीत आहे. आणि थोडी गर्विष्ठ आहे. ते तुम्हाला पुढे कळणारच आहे, तेव्हा आत्ताच सांगून टाकलेलं बरं.

मी बिअरची टाकी आहे. झालं, काही जणांच्या भुवया वर गेल्या. शाळेच्या निबंधात फाटक्या पुस्तकाला बोलता येतं, बंद पडलेल्या घड्याळाला बोलता येतं, पडक्या विहिरीलाही येतं. बिअरच्या टाकीला मात्र कुणी तोंड उघडू देत नाही. म्हणून माझी कहाणी मलाच सांगावी लागते. ज्यांचं वय अजून झालेलं नाही त्यांनी गोष्ट ऐकावी आणि ग्लासासाठी थांबावं. गोष्टीला वयाची अट नाही.

माझा जन्म मात्र बिअरसाठी झाला नव्हता. खोपोलीजवळच्या एका पत्र्याच्या शेडमध्ये श्रीपत नावाच्या वेल्डरने मला घडवलं, ते दुधासाठी. माझी भिंत दुहेरी आहे. आतल्या आणि बाहेरच्या पत्र्यामध्ये पोकळी ठेवली आहे, आणि त्या पोकळीतून गार पाणी फिरलं की आत भरलेलं दूध टिकतं. श्रीपतने माझा आतला सांधा घासघासून असा एकजीव केला की शेडमधले बाकीचे कामगार त्याची थट्टा करू लागले. आत कोण बघायला जाणार आहे, असं ते म्हणत. श्रीपत मान वर न करता म्हणायचा, "दुधाला कोपरा मिळता कामा नये. कोपरा मिळाला की घान बसते, आनी घान बसली की दूध गेलं." मी त्याच्या हातची होते, म्हणून आजही माझी मान ताठ आहे.

चौकजवळच्या एका गावात दूध गोळा करण्याचं केंद्र होतं, तिथे माझी नेमणूक झाली. आजूबाजूच्या वाड्या-पाड्यांतून सायकलीवर, मोटारसायकलीवर किटल्या यायच्या आणि माझ्यात रिकाम्या व्हायच्या. गाईचं, म्हशीचं, सगळ्यांच्या घरचं दूध माझ्या पोटात एक व्हायचं. माझ्यामुळे कधी दूध नासलं असं कुणी म्हणू शकलं नाही. लोक म्हणायचे, "टाकी चांगली हाय." एवढंच. पण तेवढं मला पुरायचं.

मग गायरानं गेली. डोंगराच्या कडेने बंगल्यांचे प्लॉट पडले, गुरं कमी झाली, किटल्या कमी झाल्या, आणि एके दिवशी केंद्राला कुलूप लागलं. मला मागच्या बाजूला ओढून नेऊन ठेवलं. पहिले काही महिने मला वाटायचं की कुणीतरी येईल. कुणी आलं नाही. कोंबड्या आल्या. त्यांनी माझ्यात अंडी घातली, कुणीतरी पेंढा भरला, नंतर सिमेंटची ओली पोती टाकली. मला वाईट वाटलं, हे मी लपवणार नाही. अंगाला पोचे आले त्याचं काही नाही. आपण कशासाठी घडलो हे आजूबाजूला कुणालाच आठवत नाही, ते जास्त लागतं.

शेवटी भंगारवाल्याच्या टेंपोत चढले, आणि तिथेच साईनाथशेठने मला पाहिलं.

साईनाथशेठच्या वडिलांचा चौकला जुन्या हायवेवर ढाबा होता. गाड्या नव्या रस्त्याने जायला लागल्या तसा ढाबा सुस्तावला. साईनाथशेठने रीतसर परवाना काढून चौकहून कर्जतला जाणाऱ्या रस्त्यावर नवं हॉटेल टाकलं, स्वतःची बिअर स्वतः बनवणारं. त्यासाठी बाहेरून चकचकीत नव्या टाक्या मागवल्या. एका टाकीची जागा तेवढी रिकामी राहिली, ती भरायला मी आले. नव्या टाक्यांच्या रांगेत टोकाला मला उभं केलं तेव्हा लग्नाच्या पंगतीत जुनं लुगडं नेसून बसल्यासारखं मला वाटलं.

साईनाथशेठ मनाने मोठा माणूस, पण बिअरबद्दलचं त्याचं शास्त्र ढाब्यावरचं होतं. ढाब्यावर बाटल्या बर्फात इतका वेळ बुडवून ठेवायचे की लेबल सुटून पाण्यावर तरंगायचं. "बिअरचं काय हाय, गार असली की झालं," असं तो म्हणायचा. आणि गिऱ्हाईकही तसंच. आलं, घटाघटा प्यायलं, मिशी पुसली, गेलं. चव कशी होती ते विचारलं तर म्हणे, गार होती.

त्याच्याकडे बिअर बनवायला आली ती छाया. कशेळ्याच्या पलीकडच्या एका गावातली, कोंडाजी आणि सुंदराबाईची मुलगी. बाप भात आणि डोंगरउताराच्या वरकस जमिनीवर नाचणी करणारा. छाया पुण्याला अन्न प्रक्रियेचं शिकली, तिथेच एका बिअरच्या कारखान्यात हात मळवले, आणि माणसं सहसा गावाकडून पुण्याला जातात तर ही पुण्याहून गावाकडे आली. गावात चर्चा झालीच. कोंडाजीची पोर दारू गाळते, असं लोक बोलायचे. कोंडाजी माळकरी माणूस, थेंबाला शिवणारा नाही. तो मान खाली घालून पुढे जायचा. सुंदराबाईला कुणी विचारलं, पोरगी काय करते, तर ती म्हणायची, "कर्जतच्या बाजूला नोकरीला हाय," आणि विषय बदलायची. छायाला हे माहीत होतं.

पहिल्याच दिवशी छायाने पायजमा वर खोचला आणि झाकणातून ती माझ्या आत उतरली. सिमेंटचा शेवटचा कण निघेपर्यंत तिने मला घासलं. मग श्रीपतच्या सांध्यावरून बोट फिरवलं आणि वर उभ्या असलेल्या जितेशला म्हणाली, "ही दुधाची हाय रं. जिनं दूध सांभाळलं ती बिअर सांभाळेल." जितेश म्हणजे हॉटेलातली मशीनं बघणारा माणूस. आधी रसायनीला एका कंपनीत होता. त्याने मान डोलावली. इतक्या वर्षांनी मला कुणीतरी ओळखलं होतं.

छायाची एक पद्धत आहे. पाहुणे आले की ती त्यांना टाक्यांजवळ आणते आणि बिअरची ओळख करून देते, घरातल्या माणसांची करून द्यावी तशी. मी ती इतक्या वेळा ऐकली आहे की मला पाठ आहे. बिअर ही भाकरीइतकी जुनी, असं ती सांगते. हजारो वर्षांपूर्वी मेसोपोटेमियातल्या लोकांनी मातीच्या पाट्यांवर तिचा हिशेब लिहून ठेवला, इजिप्तमध्ये मजुरांना ती रोजच्या जेवणासारखी मिळायची, आणि युरोपात मठांतल्या साधूंनी ती जिवापाड जपली. "साधूंनी?" असं कुणीतरी हमखास विचारतं. "हो, साधूंनी," छाया म्हणते, "आणि त्यांची अजूनही नावाजलेली हाय." जर्मनीतल्या एका सरदाराने पाचशे वर्षांपूर्वी फर्मान काढलं होतं की बिअरमध्ये सातू, हॉप्सची कडू फुलं आणि पाणी यांच्याशिवाय काही घालायचं नाही. सातू म्हणजे बार्ली. आंबवणारं यीस्ट त्या फर्मानात नाही, कारण सगळं काम तेच करतं हे तेव्हा कुणाला ठाऊक नव्हतं. हे ऐकून मला नेहमी हसू येतं. जो राबतो त्याचं नाव वगळायची चाल सगळ्या देशांत दिसते.

मग ती प्रकार सांगते. थंडीत सावकाश आंबते ती लागर, स्वच्छ आणि सरळ स्वभावाची. जरा उबेत लवकर आंबते ती एल, तिला फळांचा, मसाल्याचा वास. सातू करपण्याच्या बेताला भाजला की काळी स्टाउट, कॉफीची बहीण. गव्हाची बिअर गढूळ दिसते, पण ते गढूळपण हा तिचा दोष नव्हे, रूप आहे. शेवटी ती ग्लास तिरका धरून भरते, वर दोन बोटं फेस राहील असा, आणि म्हणते, "आधी नाकाला द्या, मग जिभेला. आणि बर्फासारखी गार मागू नका. गारठलेल्या जिभेला चव कळत नाय." ज्याला गाडी चालवायची आहे त्याच्यापुढे ती कोकम सरबत ठेवते, मग तो कितीही मोठा साहेब असो. साईनाथशेठला आधी हे सगळं नाटक वाटायचं. पण घटाघटा पिणारे हळूहळू घोट घ्यायला लागले आणि टेबलावर भांडणांऐवजी गप्पा ऐकू यायला लागल्या, तसा तो गप्प बसला.

छायाच्या मनात मात्र एक वेगळीच बिअर होती. तिच्या घरी बाळाच्या सत्त्वासाठी नाचणी भिजत घालतात, फडक्यात बांधून तिला मोड आणतात, सावलीत वाळवतात आणि मंद भाजतात. पुण्याच्या कारखान्यात सातूचं माल्ट पाहिलं त्या दिवशी तिच्या लक्षात आलं की ही तर आईचीच रीत आहे. सातूला मोड आणून, वाळवून, भाजूनच माल्ट होतं. तेव्हापासून तिला नाचणीची बिअर करायची होती, हलकी आणि स्वच्छ, जिच्यात भाजक्या नाचणीची चव समोर उभी राहील.

साईनाथशेठ तयार नव्हता. त्याला सातू आणि गव्हाचं बरं चाललं होतं. पण छाया हटून बसली तेव्हा तो म्हणाला, "एकदा कर. त्या जुन्या टाकीत कर, नव्या टाक्यांना हात लावू नको. दिवाळीच्या आधी आपल्या नेहमीच्या लोकांना बोलवू. त्यांना आवडली तर टाकी तुझी आनी बिअर बी तुझी. नाय आवडली तर टाकी भंगारात जाईल, नवी येईल, आनी नाचणीचं नाव परत काढायचं नाय."

"चालेल," छाया म्हणाली. माझं मत कुणी विचारलं नाही. पण तिचं आणि माझं नशीब एकाच दाव्याला बांधलं गेलं, एवढं मला कळलं.

नाचणी सुंदराबाईने पाठवली. मोड आणून, भाजून, पिशव्या शिवून. ती स्वतः आली नाही. छायाने ती सातूच्या माल्टबरोबर गरम पाण्यात मुरवली, गोड पाणी काढलं, हॉप्स घालून उकळलं, निववलं आणि माझ्यात सोडलं. वरून गव्हाच्या बिअरचं यीस्ट टाकलं. जाताना ती जितेशला बजावून गेली, "हिला गार ठेव. पहिले दिवस सगळ्यात महत्त्वाचे." आणि नवमीला देवीचे घट उठतात म्हणून ती घरी गेली.

मित्रांनो, यीस्ट कामाला लागलं की पोटात काय होतं ते मी तुम्हाला कसं सांगू? आधी काहीच नाही. मग एक बुडबुडा. मग दुसरा. मग आतला वायू बाहेर सोडणाऱ्या माझ्या नळीचं दुसरं टोक पाण्याच्या ज्या बादलीत बुडवलं आहे, त्या बादलीत गुडगुड सुरू होते आणि थांबत नाही. दुधाच्या काळात मी फक्त राखण करायची. इथे माझ्या आत काहीतरी घडत होतं. एवढी श्रीमंती मला कधी वाटली नव्हती.

आणि मग खंडेनवमी उजाडली.

तुम्हाला माहीतच आहे, त्या दिवशी अवजारांची पूजा असते. शेतकऱ्याच्या घरी नांगर-कोयता, गॅरेजमध्ये पाने-पक्कड, कारखान्यात यंत्रं. जितेशने पहाटेच फरशी धुतली. नव्या टाक्या पुसल्या, मला पुसलं. मला झेंडूचा हार सगळ्यात जाड घातला, कारण माझ्या अंगावर पोचे होते आणि त्याला माझी दया येत असावी. हळदकुंकू लावलं, नारळ फोडला, पेढा ठेवला. आणि मग त्याने हात जोडले, "वरसभर राबता. आज तुमालाबी आराम," असं म्हणत मोठ्या आदराने मुख्य बटण बंद केलं. गार पाण्याचं मशीन घरघरत होतं ते थांबलं.

जन्मात कुणी मला इतक्या प्रेमाने सुट्टी दिली नव्हती. आणि जन्मात मला सुट्टी इतकी नकोशी झाली नव्हती. नव्या टाक्यांमधली बिअर तयार होऊन झोपली होती, त्यांचं काही बिघडणार नव्हतं. कामात होते ती मी एकटी. बाहेर आश्विनातलं ऊन, पत्र्याचं छप्पर, आणि आत यीस्टची धुमश्चक्री. यीस्ट काम करताना स्वतःच तापतं, आणि त्याला गार करणारं पाणी आता जागच्या जागी उभं होतं. मी तापत गेले. बादलीतली गुडगुड खळखळ झाली, मग फेस नळीतून बाहेर आला आणि जितेशने काढलेल्या रांगोळीवरून वाहत गेला. गळ्यात हार, कपाळावर कुंकू, आणि हाक मारायला तोंड नाही. मान मिळतो तेव्हाही माणसाचं नुकसान होऊ शकतं, तसं ते टाकीचंही होतं.

दसऱ्याला छाया आपट्याची पानं घेऊन आली. दारातच तिला कळलं, कारण मशीनचा आवाज नव्हता. तिने पानं खाली ठेवली आणि सरळ माझ्या पोटावर तळवा टेकला. तो तिने झटकन उचलला.

"जितेश, मशीन कधी बंद केलंस?"

"काल पूजेला," जितेश म्हणाला. त्याच्या हातात पेढ्यांचा बॉक्स होता. "खंडेनवमीला यंत्र चालवायचं नसतं ना. आमच्या कंपनीत तर त्या दिवशी भोंगाबी नाय वाजायचा."

"अरं, पण हिच्यात बिअर आंबत होती."

"टाकी तर उभीच हाय जागेवर. मला वाटलं, तिलाबी एक दिवस आराम."

"मशीनला आराम दिलास रं," छाया म्हणाली, "पण यीस्टला कोण सांगणार आज खंडेनवमी हाय म्हणून?"

तिचा आवाज चढला नव्हता. तेच जितेशला जास्त लागलं. त्याचा चेहरा उतरला, बॉक्स हातातच राहिला. छायाने मशीन सुरू केलं, पण एकदम गार होऊ दिलं नाही; घाबरलेल्या जनावराला हळूहळू उभं करावं तसं तिने मला बेताबेताने निववलं. मग खालच्या नळातून ग्लासात थोडं काढलं, हुंगलं, जिभेवर घेतलं, आणि डोळे मिटले.

"केळं," ती म्हणाली. "नुसतं केळं."

तिला हवी होती ती स्वच्छ, सरळ नाचणी. हाती आली होती पिकल्या केळ्याचा दरवळ असलेली, लवंगेचा हलका चटका असलेली एक निराळीच बिअर. गव्हाच्या बिअरचं हे यीस्ट उबेत राहिलं की असा वास देतं. जर्मनीत लोक याच वासावर जीव टाकतात. पण छाया जर्मनीची बिअर करायला बसली नव्हती.

साईनाथशेठ आला, त्याने सगळं ऐकलं आणि डोक्याला हात लावला. "ओतून टाक," तो म्हणाला. "लोकांना आपली नेहमीची देऊ."

"खराब झालेली नाय शेठ. वेगळी झालीय."

"मग मुद्दाम केळ्याची केली म्हनून सांग. कोनाला कळतंय?"

तिच्यासाठी तो सोपा रस्ता होता, आणि मला वाचवणाराही तोच होता. मी श्वास रोखला, म्हणजे टाकीला जितका रोखता येतो तितका.

"मला कळतंय ना," ती म्हणाली. "लोकांना बोलवा. काय झालं ते मी सांगीन. मग त्यांना आवडो न आवडो."

"आनी नाय आवडली तर? बोललो ते बोललो मी."

"मीबी बोलले ते बोलले," छाया म्हणाली.

पुढचे दिवस माझ्या आत बिअर मुरत होती आणि बाहेर छाया झुरत होती. ती येताजाता नळातून थोडं काढायची, चाखायची, ग्लास धुवायची. भंगारवाला एकदा येऊन मला वरखाली बघून गेला. जितेश मला रोज पुसायचा, गरज नसताना. एकदा तो माझ्याजवळ उभा राहून पुटपुटला, "तुझं वाईट करायचं नव्हतं गं मला." मला त्याचा राग आला नाही. ज्याने मला हार घातला त्याच्यावर मी कशी रागावणार?

दिवाळीच्या आधीच्या रविवारी दुपारी हॉटेल भरलं. नेहमीचे लोक आले, चौकच्या ढाब्यापासूनची जुनी गिऱ्हाइकं आली. आणि कुणालाही न सांगता कशेळ्याच्या जीपने कोंडाजी आणि सुंदराबाईही आले. सुंदराबाई दारात थबकली. छायाने तिला हात धरून आत आणलं आणि माझ्याजवळच्या खुर्चीवर बसवलं. मुलीच्या कामाच्या जागी ती पहिल्यांदाच आली होती.

छाया उभी राहिली. म्हणाली, "मला भाजक्या नाचणीची स्वच्छ बिअर करायची होती. ती झाली नाही. खंडेनवमीला आम्ही यंत्रांना सुट्टी दिली, टाकी तापली, आणि ही वेगळी बिअर झाली. ती तुमच्यापुढे ठेवते. आवडली नाही तर स्पष्ट सांगा."

मागून जितेश म्हणाला, "सुट्टी मी दिली होती. तिचा दोष नाय." लोक हसले. पण ते कुचेष्टेचं हसू नव्हतं. त्यातल्या निम्म्यांनी कधी ना कधी खंडेनवमीला काहीतरी बंद ठेवलेलं होतं.

ग्लास भरले गेले. रंग तांबूस, थोडा गढूळ, वर दाट फेस. छायाने शिकवल्याप्रमाणे लोकांनी आधी नाकाला दिली. पहिला घोट, दुसरा घोट. एरवी बोलल्याशिवाय न राहणारी माणसं ग्लासात डोकावत होती. आधी केळ्याचा दरवळ, मग लवंग, आणि गिळल्यावर सावकाश मागून येणारी भाजकी नाचणी, जिभेवर बराच वेळ बसून राहणारी. ढाब्यापासूनचं एक जुनं गिऱ्हाईक, राजेश नावाचा ट्रान्सपोर्टवाला, ज्याला बर्फात बुडवलेल्या बाटलीशिवाय काही चालत नसे, त्याने ग्लास खाली ठेवला आणि म्हणाला, "साईनाथ, ही गार नाय."

साईनाथशेठचा चेहरा पडला.

"पन ही गार करू नको," राजेश म्हणाला. "आहे तशी दे अजून एक. गाडी आज पोरगा चालवतोय."

मग सगळीकडून हात वर झाले. कोंडाजीने पुढ्यातला ग्लास उचलला. तो पिणार नव्हता, सगळ्यांना ठाऊक होतं. त्याने तो नाकाशी नेला, बराच वेळ धरला आणि बायकोकडे सरकवला. सुंदराबाईनेही हुंगून पाहिलं.

"वेलची केल्यांचा वास येतो," ती म्हणाली. मग तिने पुन्हा हुंगलं. "आनी खाली आपली नाचनी हाय गं. मी भाजलेली."

"तुझीच हाय आई," छाया म्हणाली.

"आता कोनी विचारलं तर सांगीन मी," सुंदराबाई म्हणाली, "माझी पोर बिअर बनवते. चांगली बनवते." कोंडाजीने मुलीकडे मान वर करून पाहिलं, आणि छायाचे डोळे भरून आले. माझ्या अंगावर त्या दिवशी काटा आला. स्टीलवर काटा येत नाही म्हणतात, त्यांना टाकी व्हायचा अनुभव नसावा.

लोक गेल्यावर साईनाथशेठ माझ्यासमोर येऊन उभा राहिला. भंगाराचा शब्दही त्याने काढला नाही. त्याच्या डोक्यात नवंच खूळ शिरलं होतं. "छाया, आपन पद्धतच करून टाकू. दर खंडेनवमीला मशीन बंद. देवीची कृपा झाली तशी दर वरसाला होईल. लोकांनाबी गोष्ट आवडेल."

"नाय शेठ," छाया म्हणाली.

"का गं? जमली ना?"

"यंदा नशिबानं जमली. पुढच्या वर्षी नशीबच सुट्टीवर असलं तर? थोडी जास्त तापली असती तर आज सगळ्यांची डोकी धरली असती आणि टाकी टेंपोत असती." ती माझ्याकडे वळली. "चूक परत करायची तर शिकून करायची. किती तापवायची, किती वेळ, ते मी बघते. पण मशीन बंद होणार नाय."

आणि तिने ते केलं. वर्षभर ती माझ्यात नाचणीची बिअर करत राहिली. कधी जास्त ऊब, कधी कमी. काही वेळा ती फसली, तेव्हा ती तिने खरोखर ओतून दिली आणि कुणाला सबब सांगितली नाही. हळूहळू तिला कळलं की मला सुरुवातीला गार ठेवायचं, मग जपून थोडं उबेला येऊ द्यायचं आणि केळ्याचा पहिला वास आला की परत आवरायचं. आता ती बिअर नशिबाची राहिली नाही, तिची झाली. मुंबई-पुण्याहून येणारे लोक तीच मागतात. नव्या टाक्यांत लागर आहे, स्टाउट आहे, पण पाहुणे आधी टोकाच्या पोचे आलेल्या टाकीपाशी येतात. गर्विष्ठ आहे म्हणून सांगितलं होतं ना मी तुम्हाला?

मित्रांनो, तुमच्या घरीही आमच्यासारखे पुष्कळ राबणारे असतील. शिवणयंत्र असेल, पाण्याचा पंप असेल, जुनी गिरणी असेल. त्यांना हार घाला, कुंकू लावा, त्यांना ते आवडतं, मलाही आवडतं. पण फुलं वाहण्याआधी एवढं विचारा की या घडीला त्यांच्या पोटात काय चाललं आहे. आणि माझ्या पोटातली जेव्हा तुमच्या ग्लासात येईल तेव्हा तिला घाई करू नका. कुणीतरी तिच्यासाठी नाचणी भिजवली आहे, कुणीतरी ऊब सांभाळली आहे. तिला निदान एक श्वास भरून हुंगा, आणि पुरे म्हणायला शिका.

यंदाची खंडेनवमी नुकतीच झाली. जितेशने पुन्हा पहाटे फरशी धुतली, पुन्हा सगळ्यात जाड हार मला घातला. मुख्य बटणाजवळ तो जरा घुटमळला, त्याच्या हाताला इतक्या वर्षांची सवय होती. मग हात मागे घेऊन त्याने त्या बटणालाच कुंकवाचं बोट लावलं. माझ्यात नाचणीची बिअर आंबत होती, मशीनची घरघर चालू होती आणि आरती त्या घरघरीतच म्हटली गेली, अर्धी ऐकू आली, अर्धी नाही. आरती झाल्यावर, बाकीचे पेढ्यांकडे वळले तेव्हा, त्याने माझ्या पोटावर तळवा टेकला आणि तसाच ठेवला.

"बरोब्बर हाय," तो छायाला म्हणाला.

इतका मोठा नैवेद्य मला उभ्या जन्मात कुणी दाखवला नव्हता.